स्वयंबंद यंत्रणा, विजेच्या शेगडीतील

विजेच्या शेगडीत धोक्याची ठरावीक स्थिती उद्भवल्यास, वापरणाऱ्याने बटण न दाबताही वीजपुरवठा तोडणारी व्यवस्था. कॉइलची शेगडी, काचेखाली तापणारी विकिरण शेगडी आणि इंडक्शन शेगडी या तिन्ही प्रकारांत ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आढळते. तापमानमर्यादा, कालमर्यादा आणि भांड्याची ओळख या तिच्या मुख्य शाखा होत. त्या एकमेकींचे काम करीत नाहीत. व्यवहारात त्यांची गल्लत होते आणि अपघाताच्या दृष्टीने ती गंभीर ठरते.

तापमानावर आधारित शाखेचे मूळ द्विधातू पट्टीत आहे. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची ही जोडपट्टी तापली की वाकते. तिचे श्रेय सामान्यतः जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीला, अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, दिले जाते. मात्र त्याचा हेतू घड्याळाच्या गतीवरील उष्णतेचा परिणाम घालवण्याचा होता. तापनियंत्रकाचा (थर्मोस्टॅटचा) आरंभ काही लेखक अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाच्या 1830 च्या पेटंटपासून धरतात, तर काही वॉरन जॉन्सन या अमेरिकी प्राध्यापकाच्या 1883 च्या विद्युत तापनियंत्रकापासून. यूरच्या रचनेत पट्टीच्या वाकण्याने झडपा हलत, तर जॉन्सनच्या रचनेत विद्युत परिपथ जोडला-तोडला जाई. शेगडीतील यंत्रणेचा विचार करता दुसरी परंपरा अधिक जवळची वाटते.

विकिरण शेगडीचा पृष्ठभाग काच-मृत्तिकेचा, म्हणजे अंशतः स्फटिकरूप केलेल्या उष्णतारोधक काचेचा, असतो. हा पदार्थ कॉर्निंग कंपनीतील डोनाल्ड स्टूकी यांना 1953 च्या सुमारास, भट्टी ठरवल्यापेक्षा अधिक तापल्यामुळे, योगायोगाने गवसला. अशा काचेखाली तापतारेच्या वरून आडवी एक सळई बसवलेली असते. सळई आणि तिच्याभोवतीची नळी यांचे प्रसरण भिन्न असल्याने मर्यादा ओलांडताच संपर्क तुटतो व निवल्यावर पुन्हा जुळतो. शेगडीची लाली मधूनमधून मावळते ती यामुळे. तो बिघाड नव्हे. या सळईच्या मर्यादकाचे (लिमिटरचे) काम काच वाचवणे हे आहे. खाद्यतेल साधारण 350 ते 400 अंश सेल्सिअसच्या आसपास आपोआप पेट घेऊ शकते. काच याहून बऱ्याच अधिक तापमानाला टिकते आणि मर्यादकही तिच्याच हिशोबाने बेतलेला असतो. म्हणून मर्यादक व्यवस्थित चालत असतानाही कढईतील तेल पेटू शकते.

इंडक्शन शेगडीचे तत्त्व, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, फॅरडे यांनी 1831 मध्ये मांडले. तिची सार्वजनिक प्रात्यक्षिके 1950 च्या दशकात अमेरिकेत झाल्याचे सांगितले जाते. घरगुती विक्री मात्र 1970 च्या दशकातली. काचेखालच्या कॉइलमधून (ही स्वतः तापणारी कॉइल नव्हे) साधारण 20 ते 100 किलोहर्ट्‌झ वारंवारतेचा प्रवाह वाहतो आणि उष्णता भांड्याच्या बुडातच निर्माण होते. भांडे नसेल किंवा चुंबकीय नसेल तर कॉइलवरचा भार बदलतो. नियंत्रक तो ओळखून वीज थांबवतो आणि बहुधा मिनिटभराच्या आत-बाहेर शेगडी पूर्ण बंद करतो. काचेच्या खालच्या बाजूस आणि कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या शक्तिट्रान्झिस्टरजवळ थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारे संवेदक, असतात. पैकी पहिला भांड्याचे तापमान काचेमार्फत, म्हणजे उशिराने, जाणतो. रिकामे पातळ भांडे पूर्ण शक्तीवर ठेवले, बूड वाकडे असले किंवा भांडे मध्यावरून सरकले, तर हा उशीर वाढतो. उत्पादक या मर्यादेविषयी पुरेसे स्पष्ट लिहीत नाहीत, हे खेदाने नमूद करावे लागते.

कालमर्यादा त्यामानाने सरळ आहे. ठरावीक वेळ कोणतेही बटण दाबले गेले नाही तर शेगडी बंद होते. जास्त शक्तीवर ही मुदत साधारणतः तास-दोन तासांची असते, मंद आचेवर कित्येक तासांची. आटलेले भांडे करपण्यास यापेक्षा फारच कमी वेळ लागतो. स्पर्शपटलावर पाणी वा कापड पडल्यास काही सेकंदांत बंद होण्याची सोयही बहुतेक प्रतिरूपांत असते. बंद झाल्यानंतर पंखा काही काळ चालू राहतो आणि काच तापलेलीच असते. उरलेली उष्णता पटलावरील 'एच' हे अक्षर दर्शविते.

आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या 60335 या सुरक्षा-मानकांच्या मालिकेतील भाग 2-6 हा स्थिर शेगड्यांना आणि भाग 2-9 सुट्या, उचलून नेता येणाऱ्या शेगड्यांना लागू होतो. वापरानंतर शेगडी बटणानेच बंद करावी, भांडे-ओळखीवर विसंबू नये, अशी सूचना भाग 2-6 नुसार पुस्तिकेत द्यावी लागते. अमेरिकेतील यूएल 858 या मानकात 2015 मध्ये झालेल्या दुरुस्तीने कॉइलच्या शेगड्यांवर तेल पेटू नये यासाठी तापमानमर्यादा आली. युरोपीय मानक ईएन 50615 शेगडीबाहेरून बसवायच्या आगप्रतिबंधक उपकरणांचे वर्गीकरण करते. नॉर्वेत 2010 पासून नव्या घरगुती वीजजोडणीत असा शेगडीरक्षक बसवावा लागतो. त्याचा संवेदक शेगडीच्या वर असतो व तो वरून उष्णता पाहतो, त्यामुळे काचेमार्फत मापनात होणारा उशीर येथे टळतो.