पोट मोठं, ओझं थोडं

मालवाहू विमान म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती टन उचलतं? पण कपाळावर टेंगूळ आल्यासारखी दिसणारी जी मोजकी विमानं आहेत, त्यांना हा प्रश्न फारसा लागू पडत नाही. दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. युक्रेनच्या अंतोनोव्ह-२२५ 'म्रिया'चा मालकक्ष सुमारे १,३०० घनमीटरचा आणि क्षमता २५० टनांची. एअरबसच्या 'बेलुगा एक्सएल'मध्ये जागा तब्बल २,२०९ घनमीटर, पण ओझं पेलतं ५१ टनांच्या आसपास. म्रिया हमाल होती, तर बेलुगा म्हणजे उडती कोठी. या कोठ्या का बांधाव्या लागल्या आणि त्या उतरवताना वैमानिकाला नेमकं काय जड जातं, हे पाहायचं तर अमेरिकेच्या चांद्रमोहिमेपर्यंत मागे जावं लागतं.

१९६०च्या सुमारास सॅटर्न रॉकेटचे वरचे टप्पे कॅलिफोर्नियात तयार होत आणि उडायचे फ्लोरिडातून. एवढी रुंद वस्तू रस्त्याने न्यायची तर पूल आणि बोगदे आडवे येत. जहाजाने न्यायची तर पनामा कालव्यातून वळसा, आणि त्यात आठवडेच्या आठवडे जात. रॉकेटचा रिकामा टप्पा खरं तर एक पोकळ टाकी, वजनाने मामुली. अडचण होती ती फक्त घेराची.

त्याच काळात जेट विमानं आल्यामुळे बोइंगची पंख्यांची स्ट्रॅटोक्रूझर विमानं कंपन्या मोडीत काढत होत्या. जॅक कॉनरॉय या माजी लष्करी वैमानिकाने ही दोन टोकं जुळवली. स्ट्रॅटोक्रूझरचं धड लांबवायचं, पाठीवर भलामोठा घुमट चढवायचा आणि रॉकेट आत घालायचं! १९ सप्टेंबर १९६२ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइज विमानतळावरून 'प्रेग्नंट गपी' उडालं. गपी हा पोटाळ मासा, म्हणजे नाव ठेवणाऱ्याला फार डोकं खाजवावं लागलं नसणार. माल भरण्यासाठी मागचा निम्मा भाग शेपटीसकट वेगळा काढून बाजूला न्यावा लागे. द्राविडी प्राणायामच, पण आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि नासाला ते पटलं.

१९६५मध्ये आलेल्या 'सुपर गपी'चा मालकक्ष सुमारे साडेसात मीटर रुंद होता. यात शेपटीऐवजी नाक उघडायचं, तेही कॉकपिटसकट, बिजागरीवर ११० अंशांत. चाचण्यांमध्ये सूर मारताना घुमटाचा पुढचा वरचा भाग आत दबला, तरी ते विमान सुखरूप उतरलं. मात्र १९७०मध्ये त्याच कुळातलं 'मिनी गपी टर्बाइन' चाचणीदरम्यान कोसळलं आणि चौघांचा जीव गेला.

मग युरोप. एअरबसचे पंख एका देशात, धड दुसऱ्या देशात आणि जुळणी तिसरीकडे, असा कारभार असल्याने १९७०च्या दशकात कंपनीने सुपर गपी वापरायला घेतली. पुढे त्यांची संख्या चार झाली. प्रत्येक एअरबस बोइंगच्या पंखांवरून जन्माला येते, हा टोमणा तेव्हापासूनचा. तो पुसायला १३ सप्टेंबर १९९४ उजाडावा लागला. त्या दिवशी बेलुगाचं पहिलं उड्डाण झालं. गपीत दर वेळी नाक उघडताना कॉकपिटपासून मागे जाणारी सगळी जोडणी सोडवावी आणि पुन्हा लावावी लागे. बेलुगात कॉकपिटच खाली सरकवलं आणि दार त्याच्या डोक्यावर बसवलं. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा बदल वाटतो. एका तारेलाही हात न लावता विमान जबडा उघडतं.

आता उतरण्याकडे वळू. वजन ही इथली मुख्य डोकेदुखी नाही. डोकेदुखी आहे वारा. विमानाची शेपटी वातकुक्कुटासारखं काम करते आणि नाक वाऱ्याच्या दिशेला धरून ठेवते. पण गुरुत्वमध्याच्या पुढे फुगवटा वाढवला की वारा त्यालाही ढकलतो आणि नाक उलट्या बाजूला वळू पाहतं. म्हणजे शेपटीचं काम वाढलं. त्यातच फुगवट्यामागची हवा घुसळलेली, आणि शेपटी नेमकी तिथेच उभी. म्हणून बेलुगाच्या आडव्या शेपटीच्या टोकांना जादा उभे पडदे आहेत. स्पेस शटल पाठीवर नेणाऱ्या नासाच्या बोइंग ७४७लाही तेच उपाय करावे लागले. म्रियाची शेपटी दुहेरी होती तीही पाठीवरून न्यायच्या बुरान या सोव्हिएत अवकाशयानामुळेच. आडव्या वाऱ्यात वैमानिक नाक तिरकं ठेवून खाली येतो आणि चाकं टेकण्याच्या बेतात ते धावपट्टीशी सरळ करतो. बाजूचं क्षेत्रफळ जेवढं मोठं आणि विमान आकाराच्या मानाने जेवढं हलकं, तेवढा तो क्षण नाजूक. चाकं टेकली म्हणजे सुटका झाली असंही नाही. जोराच्या वाऱ्यात ते अवाढव्य दार उघडणंच धोक्याचं, त्यामुळे माल समोर असूनही थांबावं लागतं.

बोइंगवर हीच पाळी २००६मध्ये आली. ७८७ या प्रवासी विमानाचे पंख जपानमधून आणि धडाचे भाग इटलीतून आणायचे होते. चार जुन्या ७४७-४००चं रूपांतर तैवानमध्ये करून 'ड्रीमलिफ्टर' बनवलं गेलं. यात मागचा भाग दारासारखा बाजूला वळतो.

या विमानाची सर्वाधिक गाजलेली लँडिंग मात्र वाऱ्यामुळे गाजली नाही. २० नोव्हेंबर २०१३च्या रात्री कॅन्सस राज्यातल्या विचिटाजवळ मॅकॉनेल हवाई तळावर उतरायचं असलेलं ड्रीमलिफ्टर उत्तरेकडच्या छोट्या जबारा विमानतळावर उतरलं. या शहराच्या पूर्वेला उत्तर-दक्षिण धावपट्ट्या एका ओळीत आहेत, आणि अंधारात पहिली दिसलेली दिव्यांची रांग हीच आपली, असा समज झाला. जबाराची धावपट्टी जेमतेम १,८६० मीटरची. विमान थांबलं, कोणाला इजा झाली नाही. त्यानंतर आपण नेमके कुठे आहोत हे नियंत्रकाशी बोलून उलगडायलाही बराच वेळ गेला. एवढ्याशा पट्टीवरून एवढं धूड पुन्हा उडणार कसं, ही चर्चा रात्रभर चालली. पण ते फारसं लादलेलं नव्हतं. गणितं मांडून झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते जबारावरून निघून काही मिनिटांत मॅकॉनेलला पोहोचलं.