पोट सुटणं आणि अंग भरणं

पोट ‘सुटतं’, पण दंड ‘भरतो’. मराठीत हे दोन्ही कधी एकमेकांच्या जागी येत नाहीत. वजनकाट्यावर मात्र दोन्हींचा आकडा सारखाच वर सरकतो, आणि बारीक अंगाची पोरं नेमकी तिथंच फसतात. मीही फसलो होतो.

पुण्यात शिकायला आलो तेव्हा माझं वजन ५४ किलो होतं. सुट्टीत घरी गेलो की, ‘मेसचं अंगाला लागत नाही वाटतं,’ हे ठरलेलं. पहिल्याच वर्षी गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरचा, मोठा डबा आणला आणि रोज दोनदा दुधातून घेतला. चार महिन्यांत काटा ६१ वर गेला. घरचे खूश, मीही खूश. पण पँट कमरेत बसेना, आणि जोर मात्र आधी निघायचे तेवढेच, बारा. सात किलो वाढलो आणि ताकद तिळभरही वाढली नाही, हे तेव्हा फार लागलं.

कारण साधं आहे. गरजेपेक्षा जास्त खाल्लेलं शरीर चरबी म्हणून साठवतं, त्यासाठी तुम्हाला काहीच करावं लागत नाही. स्नायू मात्र कामाशिवाय वाढत नाही. त्याला आज उचललं त्याहून थोडं जास्त ओझं पुढे उचलावं लागतं, आणि भरून यायला प्रथिनं आणि झोप लागते. तालमीतला खुराक अंगी लागतो तो जोर-बैठकांमुळे. मेहनत वगळून नुसता खुराक घेतला तर पैलवानाचंही पोटच सुटेल.

हा फरक किती मोठा असू शकतो ते पुण्यातल्याच एका डॉक्टरांनी जगाला दाखवलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या हिशेबात वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे याज्ञिकांचं संशोधन सांगतं. म्हणून आपल्या पोरांनी ‘आधी वजन वाढवू, मग बॉडी बनवू’ हा बेत मुळीच करू नये असं माझं ठाम मत आहे.

मग किती वेगानं वाढायचं? ५५ किलोच्या मुलाला महिन्याला अर्धा ते एक किलो पुष्कळ झालं. व्यायाम आणि खाणं सुरू केल्यावर पहिल्या पंधरवड्यात एकदम दीड किलो वाढलं तर हुरळून जाऊ नका. स्नायूंत साखरेचा साठा होतो आणि तो आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो, त्याचं ते वजन असतं.

प्रथिनांचा हिशेब एकदा वहीवर मांडाच. स्नायू वाढवायचे तर वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोला ८८ ग्रॅम. मेसच्या दोन वेळच्या चपात्या, पातळ वरण आणि भात मिळून जेमतेम ४० भरतात. उरलेल्यासाठी तीन अंडी (१८), अर्धा लिटर दूध (१६) आणि मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे (१२). जवळपास झालं. अंडी चालत नसतील तर कोरडे ३५ ग्रॅम सोयाबीनचे वडे तेवढंच देतात. गेनरच्या डब्यावर मागचा तक्ता वाचलात तर बहुतेक वेळा मोठा वाटा माल्टोडेक्स्ट्रिनचा, म्हणजे पोटात गेल्यावर लगेच साखर होणाऱ्या स्टार्चच्या पावडरचाच दिसेल. व्हे प्रोटीन, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनांची पावडर, ही वेगळी चीज आहे, पण वरचा हिशेब जमत असेल तर तेही लागत नाही.

काट्यासोबत एक शिंप्याची टेप घ्या. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन, बेंबीवर कंबर आणि दंड मोजा, शेजारी त्या आठवड्यातले जोर आणि उचललेलं वजन लिहा. दंड आणि आकडे वाढतायत, कंबर जवळपास तिथंच आहे, तर अंग भरतंय. कंबरच पुढे पळत असेल तर संध्याकाळचा वडापाव आधी बंद करा, दूध-अंडी चालू ठेवा.

पदवीची तीन-चार वर्षं हाताशी आहेत, त्यामुळे परीक्षेच्या महिन्यात वाढीचा हट्ट सोडला तरी चालतं. आठवड्यातून एक-दोनदा नेहमीच्याच ओझ्यानं व्यायाम केला तरी कमावलेलं टिकतं, फक्त जागरणं करून झोप मोडू नका. माझ्या वहीत दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये वजनाचा रकाना महिनाभर हललेला नाही. जूनमध्ये पुढची नोंद आहे: ६२ किलो, कंबर गेनरच्या दिवसांपेक्षा दोन इंच कमी, जोर एका दमात चाळीस.