ताप आला, तरच लस लागू पडली?

२०२१ च्या उन्हाळ्यात लस घेऊन घरी आलेल्या माणसाला बूट काढायच्या आत विचारलं जायचं, ‘काही त्रास झाला का?’ उत्तरं मात्र एकाला एक जुळायची नाहीत. नवरा-बायको एकाच केंद्रावरून, कदाचित एकाच कुपीतली कोविशील्ड घेऊन यायचे. रात्री एकजण दोन पांघरुणांत कुडकुडत पडलेला असायचा आणि दुसरा सकाळी उठून नेहमीसारखा फिरायला जायचा. सत्तरीच्या आजोबांचा नुसता दंड दुखायचा, पंचविशीच्या नातवाला १०२ ताप. मग ताप आलेला म्हणणार, ‘बघा, लस लागू पडली.’ आणि ज्याला काहीच झालं नाही तो मनातून खट्टू, आपल्याला पाणीच टोचलं की काय!

त्रास जितका जास्त तितकी लस जोरदार, असा हा हिशोब आहे. ऐकायला पटतो, पण शरीर असा हिशोब ठेवत नाही.

दंडाच्या स्नायूत अर्धा मिलिलिटर द्रव गेला, की पहिल्या काही तासांत तिथे धावून येणाऱ्या पेशी अँटिबॉडी बनवणाऱ्या नसतात. त्या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात. आलेला पाहुणा करोनाचा की गोवराचा, हे त्यांना नेमकं कळत नाही. ‘हे आपल्यातलं नाही’ एवढंच त्या ओळखतात आणि इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ असे रासायनिक निरोप सोडतात. त्याने आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होतात, द्रव झिरपतो आणि हात भरून येतो. हेच निरोप रक्तातून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचले, की तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि शरीराने किती तापमान राखायचं, ती पातळीच वर सरकते. आता अंग ९८.६ वर असलं, तरी मेंदूच्या लेखी ते गारठलेलं. म्हणून आधी हुडहुडी भरते, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात आणि मग ताप चढतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती अडवतं, म्हणून त्याने बरं वाटतं. हा सगळा खेळ बहुधा एक-दोन दिवसांत आटोपतो.

खरं संरक्षण तयार होतं ते दुसरीकडे, मुख्यतः काखेतल्या लसिका ग्रंथींत. तिथे नेमका शत्रू ओळखणाऱ्या बी आणि टी पेशींची निवड होते, त्या वाढतात, शिकतात. या कामाला एक-दोन आठवडे लागतात आणि त्याची आपल्याला बहुतेक वेळा जाणीवही होत नाही. काहीजणांची काखेतली गाठ दुखते, तेवढंच. पहिल्या तुकडीने हाक दिल्याशिवाय दुसरी कामाला लागत नाही, हे खरं. पण हाक ऐकू गेली म्हणजे झालं. ती किती मोठ्याने मारली याला फारसं महत्त्व नाही.

याचा पुरावा कोविशील्डच्याच बाबतीत आहे. ऑक्सफर्डची ही लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने कोविशील्ड या नावाने बनवली. तिच्या ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. पूर्ण मात्रेच्या पहिल्या टोचणीनंतर अंगदुखी, थकवा, डोकेदुखी, ताप यांपैकी काही ना काही जाणवलेले लोक १८ ते ५५ या वयोगटात ८६ टक्के होते, ५६ ते ६९ मध्ये ७७ टक्के आणि सत्तरीपुढे ६५ टक्के. म्हणजे वय वाढत गेलं तसा त्रास कमी होत गेला. दुसऱ्या मात्रेनंतर दोन आठवड्यांनी विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी तपासल्या, तर त्या २०९ पैकी २०८ जणांत सापडल्या, तरुण असोत की म्हातारे. फायझरच्या लसीची गोष्टही तशीच. तिच्या मोठ्या चाचणीत दुसऱ्या मात्रेनंतर ताप आलेले तरुण होते १६ टक्के आणि वयस्कर ११ टक्के; लक्षणं दिसणाऱ्या कोविडपासून संरक्षण मात्र ९५ टक्के. ताप हीच लस लागू पडल्याची खूण असती, तर हे आकडे जुळलेच नसते.

अगदीच संबंध नाही असंही नाही. थंडी-थकवा जाणवलेल्यांत पुढे अँटिबॉडीचं प्रमाण सरासरीने थोडं जास्त आढळल्याचे काही अभ्यास आहेत. पण ही सरासरी गटाची. एका माणसाच्या तापावरून त्याच्या अँटिबॉडी सांगता येत नाहीत.

मग एकाच कुपीतून इतके वेगळे अनुभव का? वयाचं वर आलंच. जन्मजात प्रतिकारशक्तीचा तडाखा वयानुसार मंदावतो. स्त्री-पुरुष हा दुसरा फरक. अमेरिकेत लसीकरणाच्या पहिल्या महिन्यात सुमारे ६१ टक्के मात्रा स्त्रियांना मिळाल्या होत्या, पण त्रासाच्या नोंदींपैकी ७९ टक्के त्यांच्या होत्या. यातला काही भाग ‘बायका सांगतात, पुरुष अंगावर काढतात’ असा असेलही, पण सगळा नाही. विषाणूचा आरएनए ओळखणाऱ्या टीएलआर-७ या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. स्त्रियांत दुसरं एक्स गुणसूत्र बहुतांशी गप्प केलेलं असतं, पण हे जनुक काही पेशींत त्यातून निसटतं आणि दोन्हीकडून काम करतं. संप्रेरकांचा हात असतो तो वेगळाच.

लसीची जातही महत्त्वाची. कोविशील्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीचा बदललेला विषाणू वाहक म्हणून वापरला होता. पहिल्या खेपेला तो बहुतेकांच्या शरीराला अनोळखी. दुसऱ्या खेपेला त्या वाहकाविरुद्धही थोड्या अँटिबॉडी तयार असतात. बहुधा म्हणूनच पहिली मात्रा जड गेली आणि दुसरी हलकी, असं आपल्याकडे सर्रास ऐकू आलं. अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांचं उलटं होतं. त्यांच्या फायझर-मॉडर्नाच्या एमआरएनए लसींत दुसऱ्या मात्रेने आडवं केलं. व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडचे एकमेकांना ‘आता पुढच्या वेळी सांभाळ’ किंवा ‘आता काही नाही’ सांगत होते आणि दोघांचेही सल्ले समोरच्याच्या लसीला लागू नव्हते!

खरं तर हा अनुभव मराठी घरांना नवा नाहीच. तान्ह्या बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात टोचून आणलं, की ती रात्र जागायची, हे घरातल्या आज्यांना पाठ असतं. बाळाची मांडी लाल होते, हाताला कडक गाठ लागते, बाळ किरकिरतं, ताप येतो. यामागे मुख्यतः एकच घटक असतो, डांग्या खोकल्याचा. जुन्या त्रिगुणी लसीत आणि आताच्या सरकारी पंचगुणी लसीत डांग्या खोकल्याचा मारलेला अख्खा जिवाणू असतो. त्यात हजारो प्रथिनं आणि जोडीला त्याच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन, ज्याने ताप येतो. अशा लसीनंतर ताप येणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकतं.

खाजगी दवाखान्यात मग आईबाबांना विचारलं जातं, ‘दुखणारी देऊ की न दुखणारी?’ न दुखणारीत अख्खा जिवाणू नसतो, त्याची निवडक दोन ते पाच शुद्ध प्रथिनं असतात. ताप कमी, रडणं कमी, किंमत बरीच जास्त. प्रश्न ऐकून कुठले आईबाबा ‘दुखणारी द्या’ म्हणतील? पण निवड वाटते तितकी सोपी नाही. अमेरिकेने १९९० च्या दशकात बाळांसाठी पूर्णपणे न दुखणारी लस स्वीकारली. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याचे ९,००० हून अधिक रुग्ण सापडले आणि १० तान्ही बाळं दगावली. या साथीत ८ ते ११ वर्षांची, फक्त न दुखणारी लस मिळालेली मुलं ठळकपणे दिसली. त्यांचं संरक्षण काही वर्षांतच ओसरत होतं. अख्ख्या जिवाणूच्या लसीने मिळणारं संरक्षण त्या मानाने जास्त टिकतं. म्हणून जास्त त्रास म्हणजे जास्त फायदा असा नियम निघतो का? नाही. एवढंच कळतं, की काही वेळा त्रास देणारा घटक आणि उपयोगी घटक एकमेकांपासून वेगळे करताना उपयोगाचाही थोडा भाग निघून जातो. माझं मत विचाराल, तर सरकारी लस ‘गरिबांची, दुखणारी’ म्हणून कमी लेखली जाते, ते मला अजिबात पटत नाही.

टोचायला नेण्याआधीच पॅरासिटामॉल पाजायची सवयही तपासून घ्यावी अशी आहे. चेक प्रजासत्ताकात ४५९ बाळांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ताप येण्याची वाट न पाहता पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण काही घटकांविरुद्ध अँटिबॉडीही कमी तयार झाल्या. ताप आल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार औषध देणं वेगळं.

आता थोडी अडचणीची गोष्ट. कोविड लसींच्या १२ चाचण्यांची, ४५,३८० लोकांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये एक विश्लेषण झालं. ज्यांना लस नव्हे तर नुसतं निष्क्रिय द्रावण टोचलं होतं, अशांपैकीही ३५ टक्के लोकांनी पहिल्या मात्रेनंतर डोकेदुखी, थकवा वगैरे नोंदवलं. लसवाल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. म्हणजे पहिल्या मात्रेनंतरच्या अशा त्रासापैकी सुमारे तीन-चतुर्थांश लसीशिवायही झालाच असता. याला नोसिबो म्हणतात. त्रास होणार अशी अपेक्षा ठेवली की एरवी दुर्लक्ष केलं असतं ते दुखणंही जाणवतं, शिवाय भीतीने स्नायू ताठतात, झोप उडते. ‘म्हणजे नाटक’ असा अर्थ कोणी काढू नये. डोकं दुखतं ते खरंच दुखतं, फक्त कारण कुपीत नसतं. शाळांतल्या लसीकरणात रांगेतली एक मुलगी चक्कर येऊन पडली की मागच्या आणखी दोघी-तिघी पडतात, ते बहुधा याच प्रकारातलं. त्यांना आडवं करून पाय उंच ठेवले, की थोड्या वेळात उठून बसतात.

आणखी एक घोळ होतो तो योगायोगाचा. आपल्या देशात वर्षाला हजारी सुमारे सहा मृत्यू होतात असं धरलं, तर कोणत्याही एक कोटी लोकांत रोज १६० च्या वर माणसं एरवीही जातात. त्या एक कोटींना एकाच आठवड्यात लस दिली, तर लसीनंतर सात दिवसांत हजाराहून जास्त मृत्यू होतील, आणि लस निव्वळ पाणी असली तरी होतील. घरच्यांना मात्र आदल्या दिवशीची सुईच आठवणार. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. दुसरं काय आठवेल? म्हणून लसीनंतरच्या प्रत्येक गंभीर घटनेची चौकशी करताना कारणांची वर्गवारी करतात: लसीचा स्वतःचा परिणाम, कुपीतला दोष, टोचणाऱ्याची चूक, भीतीचा परिणाम किंवा निव्वळ योगायोग.

ही वर्गवारी नव्हती तेव्हा काय व्हायचं, ते मुंबईने पाहिलंय. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि मग ती लस लाखोंना मिळाली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस दिलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांचं पद गेलं, आणि दोष बाटली उघडतानाच्या हाताळणीचा असल्याचं मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. परळची ती प्रयोगशाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

उरतो तो खरा, लसीमुळेच होणारा गंभीर त्रास. तो विरळा असतो, पण असतो. मार्च २०२१ मध्ये युरोपात ऑक्सफर्डची लस घेतलेल्या काहींत विचित्र गुंता दिसला: रक्तात गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी. कारण सापडलं ते असं, की या लोकांच्या शरीरात स्वतःच्याच प्लेटलेट फॅक्टर-४ या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या होत्या. भारतात १७ मे २०२१ रोजी जाहीर झालेल्या माहितीनुसार अशा संभाव्य घटना २६ होत्या, दहा लाख मात्रांमागे ०.६१. आपल्याकडे नोंदी कमी होतात हे धरलं, तरी आकडा लहानच राहतो. एमआरएनए लसींचा विरळा त्रास वेगळा: हृदयाच्या स्नायूचा दाह, तोही जास्त करून तरुण मुलग्यांत, दुसऱ्या मात्रेनंतरच्या दिवसांत.

गुठळ्यांचा हा आजार अँटिबॉडींमुळे होतो, आणि अँटिबॉडी तयार व्हायला दिवस लागतात. म्हणून तो पहिल्या रात्रीच्या तापात नसतो. साधारण पाचव्या दिवसापासून चार-सहा आठवड्यांपर्यंत दिसतो. आणि तीन वर्षांनीही उगवत नाही. २०२४ च्या एप्रिलअखेर ऑक्सफर्डची लस बनवणाऱ्या अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात या आजाराची शक्यता मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा आपल्याकडे २०२१ मध्ये लस घेतलेले लोक रक्त तपासायला धावले. त्यांना घाबरवणाऱ्यांनी ही एवढी साधी वेळ सांगितली नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दलही असंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ४७ रुग्णालयांतल्या १८ ते ४५ वयाच्या ७२९ मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. लसीने धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. वाढवणाऱ्या गोष्टी होत्या कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूआधीच्या दिवसांत अति मद्यपान किंवा अति व्यायाम.

लसीनंतरचा त्रास डॉक्टरांना सांगताना म्हणूनच ‘कधी सुरू झाला’ हे ‘किती झाला’च्या आधी सांगावं. काही मिनिटांत अंगावर गांधी उठून श्वास लागला, तर ती तीव्र अ‍ॅलर्जी. सगळ्या लसी मिळून दहा लाख मात्रांमागे एखादी, आणि केंद्रावर अर्धा तास बसवतात ते तिच्यासाठीच. त्याच रात्रीचा ताप जन्मजात प्रतिकारशक्तीचा. गोवराच्या लसीतला जिवंत, दुबळा विषाणू वाढायला वेळ घेतो, म्हणून तिचा ताप आणि पुरळ सात ते बारा दिवसांनी येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेल्या तापाचं कारण बहुधा दुसरंच असतं. बीसीजीची फुणसी तर दोन-तीन आठवड्यांनी डोकं काढते, पिकते, फुटते आणि दोन-तीन महिन्यांनी डाव्या दंडावर खळगा ठेवून जाते. तिला मलम लावू नये, दाबू नये, नुसती कोरडी ठेवावी. आणि आधीच्या मात्रेला तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल, तर पुढची घेण्यापूर्वी ते टोचणाऱ्या नर्सबाईंना आवर्जून सांगावं. नुसता ताप आला होता, हे पुढची मात्रा टाळायचं कारण नाही.