परसातील कोंबड्याची जात ओळखणे

परसात मोकळ्या फिरणाऱ्या नराची जात शरीरलक्षणांवरून ठरवण्याची पद्धत. महाराष्ट्रातील बहुतेक परसकोंबडे कुठल्याच नोंदणीकृत जातीचे नसतात. त्यांना गावठी किंवा गावरान म्हणतात. पुरेशी लक्षणे जुळत नसतील तर ‘गावठी’ हेच बरोबर उत्तर होय.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) होय, हे डार्विनचे १८६८ मधील मत आजही मान्य आहे. वाद आहे तो स्थळकाळाचा. पूर्वी मोहेंजोदडोतील अवशेषांवरून सिंधू खोऱ्याला अग्रमान देत. २०२० मधील जनुकीय तुलनेने मात्र रोख म्यानमार, उत्तर थायलंड व नैर्ऋत्य चीनमधील स्पॅडिसियस या उपजातीकडे वळवला, तर २०२२ मधील हाडांच्या फेरतपासणीत सर्वांत जुने खात्रीचे अवशेष थायलंडातील बान नॉन वाट येथले ठरले (इ. स. पू. सुमारे १६५०–१२५०). सिंधू खोऱ्याऐवजी आग्नेय आशियाकडे बोट दाखवणारे हे नवे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही पूर्वज एकटाच नव्हे : पिवळ्या कातडीचे जनुक सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून (गॅलस सोनेराटी) आल्याचे २००८ मध्ये दिसून आले. त्यामुळे पिवळी नडगी दिसली की कोंबडा विलायती, हा समज टिकत नाही.

रंगावरून जात ठरवणे ही नेहमीची चूक. सोनेरी-तांबडी मान, काळी छाती व हिरवट चमकेची काळी शेपटी हा मूळ रानरंग असून तो अनेक जातींत आणि गावठीतही येतो. भरवसा ठेवावा तो तुरा, कातडी, नडगी आणि उभे राहण्याची ढब यांवर. तपासणी पूर्ण वाढलेल्या नराची करावी. तरण्या नराचा तुरा व शेपटीची कोयत्यासारखी पिसे अपुरी असतात, आणि पिसे झडण्याच्या काळात मान व शेपटी फसवी दिसते. कोंबडा रात्री बसल्या जागी पकडून झाकून ठेवावा व सकाळी, दाणे टाकण्यापूर्वी, पोत्यात घालून तोलावा. भरलेल्या पोटलीने (गळ्याजवळच्या अन्नपिशवीने) वजन फुगते. मग उजेडात त्याला काखेत धरून पंखाखालची पिसे फुंकरीने बाजूला करून कातडी पाहावी. चोच उघडून जीभ पाहावी, बोटे मोजावीत.

तुऱ्याचे एकेरी, वाटाणा, गुलाब व अक्रोड हे प्रमुख प्रकार. वाटाणा व गुलाब यांच्या संकरात अक्रोड तुरा येतो, हे बेटसन व पनेट या आनुवंशिकी-शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले. असीलचा तुरा वाटाणा : ठेंगणा, लांबीत तीन उंचवटे असलेला. झुंजीच्या कोंबड्याचा तुरा कापलेला असू शकतो. तेथे बोटाला उंचवटे न लागता गुळगुळीत वण लागतो. लांब मान, ताठ उभे अंग, जाड हाडाच्या नडग्या आणि चोचीखाली जवळजवळ नसलेले कल्ले ही असीलची इतर लक्षणे. वजन ४ ते ५ किग्रॅ. हे नाव अरबी असून मराठी ‘अस्सल’ त्याच धातूचा. पीला, याकूब, नुरी, कागर हे प्रकार केवळ रंगावरून पडले आहेत.

कडकनाथ (मध्य प्रदेशातील झाबुआ, धार) ओळखताना काळी पिसे पाहू नयेत. ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्पही काळाच असतो, पण त्याचा तुरा लालभडक व तळपाय पांढरा. कडकनाथाची कातडी, जीभ, तोंडाची आतली बाजू सारे काळपट असते. नराच्या तुऱ्यावर जांभळट लाली चालते. हा काळेपणा फायब्रोमेलानोसिस या जनुकीय बदलाचा, पण तो रोखणारे वेगळे लिंगसंलग्न (लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरचे) जनुक असते. कडकनाथ नर व हे जनुक असलेली कोंबडी यांच्या पिलांत माद्या गडद, नर मात्र फिके निघतात. म्हणून संकर नराच्या अंगावर लवकर उघडा पडतो. पाचवे बोट दिसल्यास सिल्की जातीचा अंश तपासावा. काळी कातडी तिच्यातही असते, कडकनाथाला मात्र बोटे चारच.

एकेरी मोठा तुरा, पांढरी कानाची पाळी व पांढरे अंग असल्यास व्हाइट लेगहॉर्न. गडद तपकिरी-तांबडे अंग, काळी शेपटी व लाल पाळी असल्यास ऱ्होड आयलंड रेड. नंदुरबार-धुळे व लगतच्या गुजरातेत बुसरा आढळते : लहान अंग, बहुधा पांढऱ्यात काळी पिसे, खांद्यावर तांबूस छटा. हैदराबादचा वनराज, बंगळूरचा गिरिराज हे परसासाठी केलेले संकर असून त्यांची पुढची पिढी एकसारखी निघत नाही.

आजारही फसवतात. नडगीवरच्या खपल्या उचलून पांढरट झाल्या असतील तर ती खरजेच्या किडीची खूण, जातीची नव्हे. देवीच्या खपल्यांनी किंवा रक्ताभिसरण मंदावल्याने तुरा काळवंडतो, तो कडकनाथपणा समजू नये. मका व हिरवा चारा न मिळालेल्या पक्ष्याची पिवळी नडगी फिकी पडते. तिच्यावरून निर्णय घेण्याआधी काही आठवडे मोकळे चरू द्यावे.