दडवलेले की सांडलेले? नाण्यांच्या शोधामागचा दीडशे वर्षांचा घोळ

मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड गावात माणसे रात्रीची टॉर्च, कुदळी आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतात उतरली. त्या चित्रफिती बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेल्या असतील. एका गाजलेल्या ऐतिहासिक चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग होता, त्याच सुमारास महामार्गाच्या कामातली माती शेतांत पडली आणि त्या मातीत सोन्याची नाणी असल्याची आवई उठली. मराठ्यांनी १६८१ च्या जानेवारीअखेर लुटले ते बुऱ्हाणपूर शहराला खेटून असलेले बहादूरपूर. असीरगड तिथून वीसेक किलोमीटर उत्तरेला. शिवाय लुटून नेलेले धन तिथेच कसे उरेल, हे कुणी कुणाला विचारले नाही. पण बुऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती आणि असीरगडावर सैन्याचा कायम राबता. अशा वाटेवरच्या मातीत चार नाणी असणे यात नवल नाही. प्रश्न आहे तो त्यांना कायद्याने काय म्हणायचे याचा.

महाराष्ट्रात जुनी नाणी यंत्राशिवायच सापडत आली आहेत. पावसाळ्याचे पहिले दोन-तीन झोड पडून गेले की गडाच्या उतारावर माती धुऊन जाते आणि शिवराई, म्हणजे मराठ्यांचे तांब्याचे नाणे, वर येते: हिरवट काळी, कडा झिजलेली, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. उजाड गावठाणांची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची पांढरट माती, हा दुसरा साठा. पांढरीची माती शेताला चांगली म्हणून गाड्या भरभरून नेली जायची आणि पैठण, तेर, भोकरदनसारख्या ठिकाणी तिच्यातून सातवाहनांची शिशाची नाणी निघायची. सोनारांच्या दुकानांतला केर आणि नदीची वाळू धुणाऱ्या झारेकऱ्यांच्या हातांतूनही अशी नाणी संग्राहकांपर्यंत पोचली आहेत. घरी नेलेले नाणे पहिल्यांदा चिंचेने लख्ख घासायचे, ही मात्र आपली अक्षम्य खोड. हिरवा थर जातो, त्याच्याबरोबर अक्षरेही जातात.

यंत्राची कथा थोडक्यात सांगून टाकतो. १८८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या अंगातली गोळी शोधायला असे एक उपकरण वापरले गेले, आणि ते फसले. दुसऱ्या महायुद्धात एका पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधणारे हातयंत्र तयार केले, ते इजिप्तमधल्या एल अलामीनच्या वाळवंटात कामी आले. युद्धानंतर उरलेली यंत्रे बाजारात आली आणि ट्रान्झिस्टरने ती हलकी व स्वस्त केल्यावर सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये रविवारचा छंद झाला. एकट्या नाण्याला यंत्र साधारण वीतभर खोलीपर्यंतच ओळखते. आपल्या बेसाल्टच्या आणि जांभ्याच्या मातीत तेवढेही धड नाही, कारण त्या मातीतच लोहखनिज असते आणि यंत्र उगाच कुरकुरत राहते. गडावर ते चालवले तर दहातल्या नऊ वेळा बाटलीचे झाकण किंवा गुटख्याची चांदी निघते.

तेव्हा यंत्र सापडवते ते सुटे, विखुरलेले, वरच्या थरातले नाणे. आणि कायदा लिहिला आहे तो पुरलेल्या हंड्यासाठी. सगळा घोळ इथे आहे.

१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यात निधीची व्याख्या एका ओळीची आहे: जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेली कोणतीही मोलाची चीज. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला तर काय सापडले, कुठे, कधी आणि अंदाजे किंमत किती, हे लेखी कळवून ऐवज जिल्हाधिकाऱ्यांकडे जमा करायचा किंवा तारण द्यायचे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. निधी बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाशी वाटणी करायची वेळ आली, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक मालकाला. मात्र सरकारला तो ऐवज हवा असेल तर धातूची किंमत अधिक त्या किमतीचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकते.

यातला ‘दडवलेली’ हा शब्द नीट पाहा. कुणीतरी मुद्दाम पुरले, असा त्याचा सरळ अर्थ. मग मावळ्याच्या कनवटीतून पडलेली शिवराई निधी की नुसती हरवलेली वस्तू? जुन्या इंग्रजी रूढ कायद्यात हा भेद होता. सोने-चांदी परत काढण्याच्या हेतूने पुरलेली असेल तरच ती राजाची. सांडलेली असेल तर नाही. आपल्या कायद्याने सोन्या-चांदीची अट काढली, दडवण्याचा शब्द तेवढा ठेवला आणि हेतूबद्दल काही म्हटले नाही. मराठीत त्यावर ‘गुप्तधन’ शब्दाचे ओझे आले. बातमीत गुप्तधन म्हटले की मांत्रिक, लिंबू, खड्डा आणि क्वचित नरबळी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही धनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये आहेत. त्यामुळे शेतात एक तांब्याचे नाणे मिळालेला माणूस ‘गुप्तधन सापडले’ असे लिहून द्यायला घाबरतो. मला विचाराल तर तो बरोबरच घाबरतो.

ब्रिटनने ही गाठ १९९६ च्या कायद्याने सोडवली. हेतूचा प्रश्न काढून टाकला आणि मोजमाप आणले. तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली दोन नाणी एकत्र सापडली तर निधी. हलक्या धातूची असतील तर किमान दहा हवीत. एकटे नाणे सहसा निधी नाही, पण ते आणि इतर सुट्या वस्तू स्वखुशीने नोंदवायची सोय केली आणि त्या नोंदी आज दहा लाखांच्या पलीकडे गेल्या आहेत. संरक्षित स्थळावर परवानगीशिवाय यंत्र चालवणे मात्र तिथे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे उलटे: १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या राज्याच्या स्मारक कायद्यांत भर उत्खननावर आहे, यंत्रावर नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरच्या नाण्याला पुरावस्तू म्हटले आणि ते परदेशी न्यायला खासगी माणसाला बंदी केली. ते सापडले कसे, याची त्याला फिकीर नाही.

जागेची नोंद का हवी, याचे आपल्याच घरचे उदाहरण आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला शक क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाचे राज्य कुणी घेतले, हे त्या दुहेरी छापांनी ठरवले. हीच नाणी दोन-दोन करून सराफाकडे गेली असती तर हे प्रमाण कधीच कळले नसते. आणि धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा हे आमिष सराफाला मात देण्याइतके कधीच नव्हते.

जुलै २०२५ मध्ये शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. ऑनलाइन दुकानांत मेटल डिटेक्टर सहज मिळतो. शिवराईच्या खऱ्याखोट्याचा बाजार आधीपासून तेजीत आहे आणि सोन्याच्या होनाच्या बनावट प्रतींबद्दल तर बोलायलाच नको. १८७८ चे ते दहा रुपये मूळ कायद्यात अजून तसेच आहेत. तेव्हा ते चांदीचे दहा रुपये होते, प्रत्येकी ११.६६ ग्रॅम वजनाचे.

ओळखीच्या एका शेतकऱ्याला विहिरीच्या मातीत तीन शिवराया मिळाल्या. कचेरीत गेला तर समोरच्याने त्यालाच विचारले, कुठला फॉर्म भरायचा? शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहायला तो माझ्याकडे आला. गट नंबर लिहिला, तारीख लिहिली, वर्णन लिहिले. मग अंदाजे किंमत. तांब्याच्या भावाने एकेक जेमतेम दहा रुपयांच्या आसपास, संग्राहकाच्या भावाने कितीतरी पट जास्त. तिथे आम्ही दोघेही पेन हातात धरून बसलो.