पीएम विश्वकर्मा योजना: अर्ज आजोबांच्या नावाने भरायचा की नातवाच्या?

ऐरणीवर सत्तरीतले आजोबा, घण मारायला मुलगा आणि शेजारी बसून हात बसवणारा एकोणीस वर्षांचा नातू. अशा घरातून सीएससी केंद्रात (सरकारी अर्ज भरून देणाऱ्या सामायिक सेवा केंद्रात) कोणी आलं की पहिला प्रश्न कागदपत्रांचा नसतो. ‘नाव कोणाचं घालायचं?’ हाच असतो. बहुतेक माहितीपत्रकं इथेच गप्प बसतात, म्हणून सुरुवात इथूनच.

पीएम विश्वकर्मा ही केंद्र सरकारची योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला सुरू झाली. तरतूद १३,००० कोटी रुपयांची, मुदत २०२७-२८ पर्यंत. गुरू-शिष्य परंपरेने किंवा घरातल्या घरात चालत आलेलं हातकाम टिकावं, हा तिचा जाहीर उद्देश. पण अर्जात ‘गुरू’ असा रकाना नाही आणि शिकवण्याबद्दल वेगळे पैसेही नाहीत. योजना ओळखते ती फक्त हाताने आणि हत्याराने स्वतःचा धंदा करणाऱ्याला.

त्यामुळे पात्रतेची एक अट ज्येष्ठांना थेट लागू होते. नोंदणीच्या दिवशी तो माणूस त्या व्यवसायात काम करत असला पाहिजे. वय किमान १८ पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. म्हणजे पंच्याहत्तरीचे कुंभारकाका रोज चाकावर बसत असतील तर पात्र. पण गुडघ्यांमुळे चार वर्षांपूर्वी चाक सोडलं आणि आता खाटेवरून नुसतं ‘माती अजून मळ’ म्हणून सांगतात, तर नाहीत. त्यांचं ज्ञान मोठं असलं तरी पडताळणीला आलेला माणूस चालू काम बघणार.

दुसरी अट एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं, एवढंच. एका चुलीवर जेवणारे सगळे, असा त्याचा अर्थ नाही. वरच्या घराचा हिशेब मांडून बघा. आजोबा आणि आजी हे एक कुटुंब. लग्न झालेला मुलगा, त्याची बायको आणि अविवाहित नातू हे दुसरं. आजोबा अर्ज करू शकतात आणि मुलगाही करू शकतो. मात्र मुलाने केला तर नातवाची वाट बंद, नातवाने केला तर मुलाची. घरात तिघंही काम करत असले तरी नोंदण्या दोनच होतील.

कुटुंब कोणतं हे केंद्रचालक रेशनकार्डावरून बघतो आणि तिथेच खटका उडतो. तिन्ही पिढ्यांची नावं एकाच कार्डावर असली की ‘तुमच्याकडून आधीच एक अर्ज झालाय’ असं ऐकावं लागण्याची शक्यता असते. मुलाचा संसार खरोखर वेगळा असेल तर तहसील कार्यालयातून विभक्त शिधापत्रिका आधी करून घेतलेली बरी.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या कुटुंबातून नातवाचं नाव घाला, पण तो खरंच काम करत असेल तरच. दुकानात बसून मोबाइल बघणाऱ्या पोराच्या नावाने अर्ज करून काही साधत नाही. कौशल्य पडताळणीत रंधा हातात दिला की दोन मिनिटांत सगळं कळतं.

आणखी दोन अटी. सरकारी नोकरीत असलेली व्यक्ती आणि तिचं कुटुंब अपात्र. तसंच स्वयंरोजगारासाठीच्या पीएमईजीपी (नव्या उद्योगासाठी), मुद्रा (छोट्या धंद्यासाठी), स्वनिधी (फेरीवाल्यांसाठी) यांसारख्या केंद्र किंवा राज्याच्या योजनेतून मागच्या पाच वर्षांत कर्ज घेतलेलं नसावं. मुद्रा आणि स्वनिधीचं कर्ज पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. पाच वर्षं मोजायची ती कर्ज मंजूर झालं त्या तारखेपासून.

कागदपत्रं मोजकी आहेत: आधार, मोबाइल क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि रेशनकार्ड. रेशनकार्ड नसेल तर कुटुंबातल्या सगळ्यांची आधार कार्डं. जातीचा दाखला या यादीत नाही, कारण पात्रता व्यवसायावर ठरते. पूर्वापार सुतारकी न करणाऱ्या घरातला मुलगा सुतारकाम शिकून त्यावर पोट भरत असेल तर तोही सुतारच. नोंदणी सीएससी केंद्रावर होते आणि ती मोफत आहे. कोणी ‘फॉर्मचे’ पैसे मागितले तर देऊ नका. सध्या नवे अर्ज घेतायत का, हे मात्र केंद्रावर जाऊन आधी विचारा, मगच म्हाताऱ्या माणसाला रिक्षात बसवा.

नोंदणी आधारच्या बायोमेट्रिकवर होते आणि ज्येष्ठ कारागिरांची खरी अडचण तिथे येते. चाळीस वर्षं माती, चुना, दगड, चामडं हाताळलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. अंगठा उठत नाही. मशीन तीनदा नाही म्हणतं आणि मागच्या रांगेतून कुरकुर सुरू होते. यावर दोन उपाय. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद आधीच अद्ययावत करून घ्या. आणि नोंदणीच्या केंद्रावर बुबुळांचं यंत्र आहे का, ते फोनवर विचारून मगच निघा. आदल्या रात्री हात कोमट पाण्याने धुऊन तेल चोळून ठेवायचा घरगुती उपायही बरेच जण करतात. सकाळी मात्र हात स्वच्छ पुसून जा, तेलकट बोट मशीनला चालत नाही.

आधार, पासबुक आणि रेशनकार्डावरचं नाव एकसारखं आहे का तेही बघून ठेवा. एकीकडे ‘दगडू’ आणि दुसरीकडे ‘दगडोबा’ असं असेल तर दुरुस्ती आधी करा. मोबाइल क्रमांकाचंही तसंच. आजोबांच्या आधारला बहुधा नातवाचा नंबर जोडलेला असतो. पुढे ओटीपी आणि अवजारांचं व्हाउचर मोबाइलवरच येतं, म्हणून नातवाने मधेच सिम बदललं की सगळं अडकतं.

अर्ज गेल्यावर तीन टप्प्यांत तपासणी होते. गावात ग्रामपंचायत आणि शहरात नगरपालिका किंवा महापालिका पहिली पडताळणी करते. मग जिल्हा अंमलबजावणी समिती, शेवटी छाननी समिती. पहिल्या टप्प्यावर अर्ज पडून राहू नये म्हणून सरपंचांना एकदा भेटून यायला हरकत नाही.

मंजुरीनंतर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. पुढे पाच ते सात दिवसांचं, ४० तासांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतनासह. ज्यांनी अर्धं गाव शिकवलं त्यांनाच शिकायला बसवायचं, हे विचित्र वाटतं खरं. पण तिथे नवी अवजारं, डिजिटल व्यवहार आणि विक्री याबद्दल सांगतात, आणि हे प्रशिक्षण झाल्याशिवाय कर्जाचा रस्ता उघडत नाही. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला कौशल्य पडताळणी होते आणि ती झाली की अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. ज्याला हवं असेल त्याच्यासाठी १५ दिवसांचं, १२० तासांचं प्रगत प्रशिक्षणही आहे.

कर्ज तारणाशिवाय, ५ टक्के व्याजाने. पहिला टप्पा एक लाखापर्यंत, फेड १८ महिन्यांत. दुसरा दोन लाखांपर्यंत, फेड ३० महिन्यांत, पण पहिलं खातं नियमित असेल तरच आणि डिजिटल व्यवहार सुरू केले असतील किंवा प्रगत प्रशिक्षण झालं असेल तर. पूर्ण एक लाख उचलले तर महिन्याचा हप्ता पावणेसहा हजारांच्या आसपास बसतो. हप्ता भरणारा मुलगा आणि कर्ज आजोबांच्या नावावर, अशी रचना टाळा. आजोबांची नोंदणी प्रमाणपत्र आणि अवजारांसाठी ठेवा, कर्ज ज्याच्या हाताला पुढची वीस वर्षं काम आहे त्याच्या नावावर घ्या. कर्ज घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

व्यवसाय अठराच आहेत: सुतार, होड्या बांधणारे, शस्त्रं बनवणारे, लोहार, हातोडा व हत्यारं करणारे, कुलूप करणारे, सोनार, कुंभार, मूर्तिकार-पाथरवट, चर्मकार, गवंडी, टोपल्या-चटया-झाडू व काथ्याचं काम करणारे, बाहुल्या व पारंपरिक खेळणी करणारे, न्हावी, माळा करणारे, परीट, शिंपी आणि मासेमारीची जाळी विणणारे. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि कोल्हापुरी चपला यात बसतात. पुण्याचे तांबट (तांब्याची भांडी घडवणारे), वारली चित्रकार, पैठणीचे विणकर यांची नावं या यादीत नाहीत.

त्यांच्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाचा दरवाजा आहे. हस्तकलेसाठी विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांचं कार्यालय आणि हातमागासाठी विकास आयुक्त (हातमाग) यांचं. तिथलं ‘पहचान’ ओळखपत्र कारागिराचं वैयक्तिक असतं, म्हणून आजोबा आणि नातू दोघांनीही त्यासाठी अर्ज करावा. शिकवण्याला सरकारी पैसा मिळतो तोही इथेच. गुरू-शिष्य हस्तशिल्प प्रशिक्षण कार्यक्रमात निष्णात कारागीर स्वतः तुकडीला शिकवतो. त्यासाठी जवळच्या हस्तशिल्प सेवा केंद्रात चौकशी करा. जाताना कामाचे फोटो, प्रदर्शनांची पत्रं, पुरस्काराची प्रमाणपत्रं असं जे असेल ते घेऊन जा. ते नसेल तर आजच आजोबांचे हात काम करताना मोबाइलवर टिपून ठेवा. पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडेल आणि शिकायलाही. सावंतवाडीत गंजिफा (हाताने रंगवलेल्या पत्त्यांची कला) टिकली ती राजघराण्यातल्या लोकांनी एका वयोवृद्ध चिताऱ्यासमोर बसून ती शिकून घेतली म्हणून. तेव्हा कुठला फॉर्म नव्हता.

आता हात थांबलेल्यांबद्दल. शिल्पगुरू (हस्तकलेतला केंद्राचा मोठा पुरस्कार), राष्ट्रीय किंवा राज्य पुरस्कार मिळालेल्या हस्तकला कारागिराचं वय ६० च्या पुढे आणि वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर हस्तशिल्प कार्यालयामार्फत महिन्याला ८,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकतं. याला पुरस्काराचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. ते प्रमाणपत्र बहुतेक घरांत भिंतीवर चौकटीत लावलेलं असतं. ते उतरवून दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा आणि पुन्हा टांगून ठेवा.