अक्कलदाढ काढण्याचा निर्णय

अक्कलदाढ ही जबड्याच्या टोकाला सर्वांत शेवटी, साधारण १७ ते २५ या वयात येणारी दाढ. जागा अपुरी पडली तर ती हाडात किंवा हिरडीखाली अडकते, बहुधा पुढच्या दाढेवर कललेली. पण अडकली म्हणजे काढलीच पाहिजे, असे नाही. ब्रिटनमध्ये २००० साली, कोणते उपचार करावेत हे सुचवणाऱ्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने, रोग नसलेल्या अडकलेल्या दाढा निव्वळ खबरदारी म्हणून काढणे बंद करावे, असा सल्ला दिला.

त्रास बहुतेक खालच्या, अर्धवट वर आलेल्या दाढेचा. तिच्यावर राहिलेल्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकते, हिरडी सुजते, तोंड नीट उघडत नाही, घास गिळताना कानापर्यंत कळ जाते. पहिल्या वेळी पदराखालची सफाई आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या बहुधा पुरतात. हे पुन्हा झाले, किंवा पहिलाच झटका तीव्र असला, तर दाढ काढणे योग्य.

दुखत नाही म्हणून दाढ निरोगी, हा समज मात्र घातक आहे. कललेल्या दाढेमुळे शेजारच्या दाढेच्या मागच्या बाजूला कीड लागते. तिथे ब्रश पोचत नाही, आरशात काही दिसत नाही, आणि ठणका लागेपर्यंत कीड खोल गेलेली असते. आयुष्यभर चावायला लागणारी चांगली दाढ अशी हकनाक जाते. म्हणून निर्णय तपासणी आणि एक्स-रे पाहूनच घ्यावा. अक्कलदाढेतली भरता न येणारी कीड किंवा तिच्याभोवतीची गाठ हीदेखील काढण्याची ठोस कारणे. पुढचे दात वाकडे होतील, ही भीती तसे कारण नव्हे.

खालच्या दाढेची मुळे जबड्यातल्या नसेला खेटून असली तर काढताना नस दुखावून ओठ व हनुवटी बधिर होऊ शकते, क्वचित कायमची. अशा वेळी फक्त वरचा भाग कापून मुळे आत ठेवण्याचा पर्याय असतो. वय वाढते तसे हाड घट्ट होते आणि जखम भरायला वेळ लागतो. सुपारी, गुटखा, खर्रा यांमुळे तोंड आखडलेल्यांत तर दाढेपर्यंत अवजार नेणेच अवघड होते.

न काढलेली दाढ नियमित तपासून घ्यावी लागते. जबड्याखाली सूज पसरली, गिळता येईना किंवा श्वास अडू लागला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.